निळ्या ठिपक्याचे पूर्वज

२० जुलै १९६०. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात 'जॉर्ज वॉशिंग्टन' या अमेरिकी पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र सोडलं. दाबाखालच्या हवेने ते नळीतून वर ढकललं आणि पाण्याबाहेर आल्यावर त्याचं इंजिन पेटलं.

हे दृश्य सगळ्यांना आवडतं. मला मात्र त्यामागचा एक रटाळ प्रश्न जास्त छळतो: आपण नेमके आहोत कुठे? जमिनीवरच्या तळाचा पत्ता बदलत नाही, पाणबुडीचा सतत बदलतो. आतली जायरोस्कोपची यंत्रणा हालचालींचा हिशेब ठेवून जागा सांगायची, पण चूक साचत जायची. (कोड लिहिणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे.) सुरुवातीची जागाच चुकली, तर दोन हजार किलोमीटरवरचा नेमही चुकणार.

उत्तर मिळालं शत्रूच्याच उपग्रहामुळे. १९५७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख स्पुटनिकची 'बीप बीप' ऐकत होते. गाडी जवळून निघून जाताना हॉर्नचा सूर उतरतो, तशी सिग्नलची फ्रिक्वेन्सी उतरत होती. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्यूर यांनी गणित उलटं केलं: कक्षा माहीत असेल, तर ऐकणाऱ्याची जागा कळेल!

त्यातून ट्रान्झिट उपग्रह आले. १९६४ पासून पाणबुड्या पाण्यावर अँटेना काढून आपली चूक दुरुस्त करू लागल्या. प्रत्येकीत सोळा क्षेपणास्त्रं, आणि लक्ष्यांमध्ये शहरंही.

१९६७ मध्ये ही सोय नागरी जहाजांना खुली झाली. १९९६ मध्ये ट्रान्झिट बंद झालं. तोवर जीपीएस आलेलं होतं.