बेळगावच्या बाबा पदमनजींची यमुना

बेळगावचे नाव निघाले की किल्ला, लष्कर आणि सीमेचा वाद या तीन गोष्टी चटकन आठवतात. मराठी कादंबरीचा उगम सांगतानाही याच गावाचे नाव घ्यावे लागते, हे मात्र येथील शाळांतल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, त्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या पुस्तकाचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले. लंडन मिशनरी सोसायटीचे काम येथे १८२० पासून चालू होते. तिच्याच शाळेत ते शिकले, पुढे मुंबईस गेले, जुन्या रूढी मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या तरुणांत वावरले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पदमनजी प्रॉटेस्टंट आणि मी कॅथलिक. तेव्हा त्यांची सारीच मते मला पटतात असे नाही. वाद घालताना त्यांची लेखणी पुष्कळदा तिखट होते, आणि पूर्वजांच्या धर्माविषयी त्यांनी लिहिलेले काही आज वाचवत नाही. परंतु पंचविशीतल्या या तरुणाने एक प्रश्न असा हाती घेतला, की त्यापुढे पंथांचे भेद फिके पडावेत. ज्याने काही केले नाही त्याच्याच वाट्याला दुःख का यावे, हा तो प्रश्न.

यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात, आणि त्या आपापली कहाणी सांगतात. पुस्तकाचे उपनावच मुळी हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. पण कायदा कागदावर आणि न्हाव्याचा वस्तरा घरात, अशी अवस्था होती. या बायकांचे दुःख दुहेरी होते. नवरा गेला हे एक. आणि तो हिच्याच पूर्वजन्मीच्या पापाने गेला, हे घरच्यांचे बोलणे दुसरे. पहिल्या दुःखावर माणसाचा इलाज नाही. दुसरे मात्र माणसांनीच रचलेले असते, आणि पदमनजींचा राग आहे तो या दुसऱ्यावर.

येथे त्यांच्या नव्या श्रद्धेने त्यांना काय दिले असावे? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात. येशू दोघांनाही त्या आरोपातून मोकळे करतो आणि त्या आंधळ्याला दृष्टी देतो. दुःखाची संपूर्ण उपपत्ती तो सांगत बसत नाही. दुःखिताला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढणे, एवढे तो आधी करतो.

आम्ही ख्रिस्ती लोक हे नेहमी पाळतो असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. बेळगावच्या एखाद्या गल्लीत किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या घरात कर्ता तरुण गेला, की ‘आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न मराठीत विचारला जातो तसाच कानडीतही. आणि त्यावर ‘देवाची इच्छा’ असे घाईने सांगून चहाचा पेला खाली ठेवणारे सर्व धर्मांत सापडतात. बायबलातील ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री मुकाट बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, आणि तुझेच काही चुकले असणार, असे त्याला पटवू लागले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र तो योग्य ठरवतो.

‘यमुनापर्यटना’चा शेवट मला उणा वाटतो. विनायक मरतो, यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुन्हा विवाह होतो आणि सारे मार्गी लागते. प्रचाराचा हेतू असलेल्या पुस्तकाला हे शोभते; पण श्रद्धा धरली म्हणून संसार पुन्हा उभा राहतोच असे नाही. खुद्द ईयोबालाही शेवटी पुन्हा मुलेबाळे होतात, परंतु आधीची दहा परत येत नाहीत.

कादंबरीने जे टाळले ते एका खऱ्या आयुष्याने पुढे दाखवले. पुस्तक निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८५८ मध्ये, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे अनंतशास्त्री डोंगरे यांना मुलगी झाली, ती पंडिता रमाबाई. आईबाप तीर्थे आणि व्रते करीत हिंडले, आणि दुष्काळात उपासमारीने गेले. थोरली बहीणही गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पदमनजींनी कल्पिलेली विधवा आता देहाने उभी होती, आणि पदमनजींहून तिची विद्वत्ता कितीतरी मोठी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. बक्षीस म्हणून दुसरा संसार मिळाला नाही, तिने तो मागितलाही नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतांतून उपाशी विधवा आणि पोरक्या मुली आणून तिने त्यांना पुणे जिल्ह्यातील केडगावी आसरा दिला. भूक म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि तरीही हिशेब पुरा झाला नव्हता. जिच्या हाती केडगावचे काम सोपवायचे, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, थकलेल्या होत्या, कानांनी अधू झालेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले होते. मुलीच्या मृत्यूनंतरही ते बंद पडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, मनोरमा गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत, केडगावीच त्यांचा अंत झाला.