दूरदृश्य सुनावणी : न्याय कोणाच्या जवळ आला?

कोरोनाच्या साथीमुळे २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष सुनावण्या थांबवल्या. दोनच आठवड्यांनी, ६ एप्रिलला, सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एल. नागेश्वर राव यांच्या पीठाने घटनेच्या १४२व्या अनुच्छेदाखाली आदेश दिला आणि दूरदृश्य प्रणालीवर कामकाज चालवण्यासाठी देशभरातल्या न्यायालयांना कायदेशीर चौकट मिळाली. त्यानंतर या व्यवस्थेचे मोजमाप बहुतेक वेळा सुनावण्यांच्या संख्येवरून झाले. किती प्रकरणे बोर्डावर आली हे संख्या सांगते. ज्याचे प्रकरण होते, त्याचे म्हणणे ऐकले गेले का, हे ती सांगत नाही. इथे विचार करायचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

न्यायदालनात कोण हजर नाही, यावर त्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. वकील आपल्या गावातून युक्तिवाद करतो, साक्षीदार परगावाहून साक्ष देतो, कच्चा कैदी तुरुंगातल्या खोलीतून पडद्यावर दिसतो. तिन्ही ठिकाणी यंत्रणा तीच असते, पण हक्कांवर होणारा परिणाम तीन प्रकारचा असतो. हे तीन प्रकार एका मापाने मोजले गेल्यामुळे साथीच्या काळातली चर्चा ‘फायद्याचे की तोट्याचे’ या निष्फळ वादात अडकली.

वकिलाच्या अनुपस्थितीपासून सुरुवात करू. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा न्यायालय सुमारे दोनशे किलोमीटर, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ त्याहूनही पुढे नागपूरला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू होईपर्यंत सिंधुदुर्गातल्या माणसाला रिट याचिकेसाठी मुंबईच गाठावी लागे. अपिलात नवा पुरावा सहसा येत नाही. खालच्या न्यायालयाचे कागद आणि कायद्याचा मुद्दा यांवर भांडण चालते, आणि पक्षकार तिथे एरवीही क्वचितच असतो. अशा वेळी तालुक्याच्या वकिलाने स्वतःच पडद्यावरून बाजू मांडली, तर अशिलाचा प्रवासखर्च वाचतो आणि मोठ्या शहरातला दुसरा वकील नेमावा लागत नाही. संसदेच्या स्थायी समितीने सप्टेंबर २०२०च्या १०३व्या अहवालात आभासी न्यायालये पुढेही ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, तो मुख्यतः अशाच कामांसाठी. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही उच्च न्यायालयाने वकील किंवा पक्षकाराला दूरदृश्य वा संमिश्र सुनावणी नाकारू नये, असे बजावले. इथवर दूरदृश्य सुनावणीने न्याय खरोखर जवळ आणला आणि तिचे मोकळेपणाने स्वागत केले पाहिजे.

पक्षकाराला स्वतःलाच पडद्यावर यायचे असेल, तर गणित बदलते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४.९ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्के कुटुंबांकडे होता. ६ एप्रिलच्या आदेशाला याची जाणीव होती. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना न्यायालयाने सोय करून द्यावी, गरज पडल्यास न्यायमित्र नेमावा, असे त्यात म्हटले आहे. पण एसटी बंद असताना त्या सोयीपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. नागपूरला ‘न्याय कौशल’ हे ई-संसाधन केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर २०२०च्या अखेरीस.

त्याच आदेशातल्या आणखी एका कलमाकडे फारसे लक्ष गेले नाही. आवाज किंवा चित्र नीट नसल्याची तक्रार सुनावणी चालू असताना किंवा संपल्याबरोबर करावी, नंतर ऐकली जाणार नाही, असे ते कलम सांगते. सराईत वकिलासाठी हे ठीक आहे. पण ज्याचा आवाज मध्येच तुटला, त्याला आपण नेमके काय ऐकले नाही हे कसे कळावे? ज्याला इंग्रजीत चाललेले कामकाज धड समजत नाही, त्याला जोडणी तुटली की आपल्यालाच उमगले नाही, हा फरकही करता येत नाही. त्या कलमाने तक्रारीचा भार नेमका सर्वांत दुबळ्या माणसावर टाकला.

आता कोठडीतला माणूस. या विषयाचे मर्म इथे आहे. घटनेचा अनुच्छेद २२(२) अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायला सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६७ एक पाऊल पुढे गेले होते : पोलीस कोठडी मागताना आरोपी समक्षच आणला पाहिजे, पुढची न्यायालयीन कोठडी मात्र दूरदृश्य प्रणालीवर वाढवता येईल. या फरकामागे मोठा अनुभव आहे. माणूस समोर उभा असतो तेव्हा दंडाधिकाऱ्याला त्याचे लंगडणे दिसते, सुजलेला हात दिसतो, ‘मारहाण झाली का’ या प्रश्नावर त्याची नजर कोणाकडे वळते ते दिसते. कॅमेरा खांद्याच्या वरचा भाग दाखवतो, आणि खोलीत आणखी कोण उभे आहे हे तर दाखवतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तयार केलेल्या आदर्श नियमांनी हे बऱ्याच अंशी ओळखले. पहिली न्यायालयीन कोठडी किंवा पोलीस कोठडी अपवादात्मक परिस्थिती असेल तेव्हाच, लेखी कारणे नोंदवून, पडद्यावरून द्यावी, असे ते सांगतात. आरोपीला वकिलाशी खासगीत बोलण्याची संधी सुनावणीआधी, सुनावणीत आणि नंतरही द्यावी, हेही त्यात आहे. पलीकडच्या ठिकाणी बोलणाऱ्यावर दबाव येत नाही ना, कोणी त्याला पढवत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी तिथल्या समन्वयकावर आहे. आणि तुरुंगापुरता हा समन्वयक म्हणून नियमांनी तुरुंग अधीक्षकाला किंवा त्यांच्याच अधिकाऱ्याला नेमले आहे. ज्याच्या ताब्याविरुद्ध तक्रार असू शकते, तोच तक्रारदाराच्या मोकळेपणाचा हमीदार ठरतो. अधीक्षक कितीही सचोटीचा असो, ही रचना मुळातच सदोष आहे.

न्यायालयाच्या व्हरांड्याचे एक काम कोणत्याच नियमात लिहिलेले नाही. तारखेला आणलेला कैदी पोलिसांच्या गराड्यात का होईना, वकिलाला भेटतो. बायको, भाऊ दुरून दोन शब्द बोलतात. जामिनाला कोण उभे राहणार, आरोपपत्र आले की नाही, हे तिथेच कळते. साथीत तुरुंगातल्या मुलाखती थांबल्या आणि तारखाही पडद्यावर गेल्या. कैद्याच्या हाती आपल्या खटल्याची माहिती येण्याचे हे दोन्ही मार्ग एकदमच बंद झाले.

याचा कायदेशीर परिणाम किती खोल आहे, हे एस. कासी प्रकरणावरून समजते. साथीमुळे १५ मार्च २०२० पासून मुदतीच्या कायद्यातल्या मुदती वाढवण्यात आल्या होत्या. त्याचा आधार घेऊन आरोपपत्राची साठ किंवा नव्वद दिवसांची मुदतही वाढली, असा दावा पुढे आला. १९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : व्यक्तिस्वातंत्र्याची मुदत अशी लांबवता येत नाही. निर्णय निःसंशय योग्य होता. पण मुदत उलटली म्हणून मिळणारा हा जामीन आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. ज्याला आज कितवा दिवस आहे हे सांगायला कोणी भेटतच नाही, तो मागणार कसा? कागदावर शाबूत राहिलेला हक्क व्हरांड्याअभावी हातचा जाऊ शकतो.

पडद्यामुळे निर्णयच बदलतात का, याचे एक उत्तर साथीच्या फार आधी शिकागोत मिळाले होते. तिथल्या कुक परगण्यात १९९९ पासून बहुतेक गंभीर गुन्ह्यांतल्या जामिनाच्या सुनावण्या बंद-परिपथ दूरचित्रवाणीवरून होऊ लागल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की या गुन्ह्यांतली जामिनाची सरासरी रक्कम ५१ टक्क्यांनी वाढली, तर ज्या गुन्ह्यांत आरोपी समक्षच आणला जात राहिला तिथे असा बदल दिसला नाही. दाव्यानंतर २००८ मध्ये ती पद्धत बंद झाली. आपल्याकडची जामिनाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तो आकडा इथे उचलून लावता येणार नाही. पण पडदा निर्णयावर परिणाम करत नाही असे गृहीत धरायलाही मग आधार उरत नाही.

साक्षीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई या २००३च्या निकालात परदेशातल्या डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घ्यायला मान्यता मिळाली. तिथे दूर होता तो साक्षीदार, आणि आपल्या वकिलाशेजारी बसून साक्ष ऐकण्याचा आरोपीचा हक्क गृहीतच होता. साथीत याच निकालाचा हवाला अशा सुनावण्यांनाही दिला गेला, जिथे दूर होता तो आरोपी. साक्षीदाराचे हावभाव पडद्यावर कळत नाहीत, हा आक्षेप मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण हावभावांवरून खरेखोटे ठरवणे समोरासमोरही बेभरवशाचेच असते. खरी अडचण आहे ती न दिसणाऱ्या खोलीची. उलटतपासणीत साक्षीदारापुढे कोणता कागद आहे, कॅमेऱ्यामागे कोण बसले आहे, हे वकिलाला दिसले पाहिजे. दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय साक्ष पडद्यावर नोंदवू नये, ही ६ एप्रिलच्या आदेशातली अट म्हणूनच रास्त होती. मात्र खटला रखडलाय आणि आपण आत आहोत, अशा कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हे न्यायाधीशाने विचारून घेतले पाहिजे.

न दिसणारी खोली कौटुंबिक वादात सर्वांत धोकादायक ठरते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यायला सांगितली आहे. पण टाळेबंदीत अर्जदार स्त्री आणि जिच्यापासून संरक्षण हवे ती व्यक्ती एकाच छपराखाली, आणि फोन बहुधा नवऱ्याचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे देशातले प्रमाण ३३ टक्के होते, पुरुषांचे ५७. माहेरी पोहोचलेल्या स्त्रीला मात्र सासरगावच्या न्यायालयात फेऱ्या न घालता पोटगीसाठी बोलता आले, तर पडदा तिचा आधार होतो. पडद्यावरून बोलायचे की समक्ष, ही निवड तिची असली पाहिजे.

खुल्या न्यायालयाबद्दल थोडक्यात. नरेश मिरजकर प्रकरणात १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खुल्या सुनावणीचे महत्त्व मान्य केले. गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये थेट प्रक्षेपण सुरू करून पडद्यावरही ते पाळता येते, हे दाखवून दिले.

साथ ओसरली, प्रणाली राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटले आणि चौकशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा दिली आहे. पोलीस कोठडीसाठी समक्ष हजेरीची अट कायम आहे, हे चांगले झाले. आता गरज आहे ती एका साध्या नोंदीची. दूरदृश्य सुनावणीच्या प्रत्येक रोजनाम्यात चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : पक्षकार कुठून बोलला, त्याच्या खोलीत कोण होते, वकिलाशी तो खासगीत बोलला का, आणि समक्ष येण्याची इच्छा त्याला विचारली का. वरिष्ठ न्यायालयाला मग तपासण्यासारखे काही हाती लागेल. अनुच्छेद २२७ खाली कनिष्ठ न्यायालयांच्या नोंदींचे नमुने ठरवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. त्यासाठी राज्यपालांची पूर्वमान्यता लागते, संसदेच्या नव्या कायद्याची गरज नाही.