तोतया आणि ओळखीची खूण

१७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला. पेशव्यांनी त्याला कैदेत टाकले. पण १७७६ मध्ये खुद्द रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणून उचलून धरले. मग काय, कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले! अंमलदाराचा शब्द खोटा कोण म्हणणार? शेवटी पुण्यात चौकशी होऊन सोंग उघडे पडले नि त्याला देहान्त शासन झाले.

मोबाईलवरून पैसे पाठवताना समोर बँकच आहे, याचा दाखला अशाच त्रयस्थ संस्था देतात. २०११ साली हॉलंडच्या डिजिनोटार संस्थेत चोर शिरले आणि गूगलच्या नावाचा खोटा दाखला निघाला. क्रोम ब्राउझरपाशी गूगलची खूण आधीच नोंदलेली होती, म्हणून इराणात ती लबाडी पकडली गेली.

यालाच ‘सर्टिफिकेट पिनिंग’ म्हणतात. ॲपने खऱ्या किल्लीची खूण आधीच जवळ बाळगायची. ती जुळली नाही, तर दाखला कितीही मोठ्याचा असो, बोलणे तिथेच थांबवायचे. मात्र किल्ली बदलण्यापूर्वी नवी खूणही ॲपला कळवायला हवी. नाहीतर खरे भाऊसाहेब दारी आले तरी दार उघडायचे नाही!