सेनेका क्रीकच्या जंगलातील आठ दिवस

भयपटाच्या चित्रीकरणासाठी वस्तीपासून दूरची जागा निवडण्याची प्रथा जुनी असली, तरी अशा ठिकाणी नटांच्या वाट्याला आलेले हाल बहुधा अपुरा पैसा आणि प्रतिकूल हवामान यांतून उद्भवलेले असत. टोबी हूपर यांचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ १९७३च्या उन्हाळ्यात टेक्सासमध्ये चित्रित झाला, तेव्हा खिडक्या झाकलेल्या घरातील उकाडा, दिव्यांची धग आणि कुजलेल्या मांसाची दुर्गंधी यांनी कलाकार जेरीस आले होते; त्यांचा त्रास पडद्यावर उतरला, पण तो मुळात पटकथेचा भाग नव्हता.

ऑक्टोबर १९९७मध्ये मेरीलँड राज्यातील सेनेका क्रीकच्या जंगलात मात्र हा त्रासच आखून दिला गेला. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’साठी संवादांविना सुमारे ३५ पानांचा आराखडा तयार केला होता. जंगलात बेपत्ता झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे चित्रण नंतर सापडले, अशी त्याची कल्पना होती. अशा, सापडलेल्या चित्रणाचा आभास निर्माण करणाऱ्या पद्धतीला पुढे ‘फाउंड फूटेज’ हे नाव रूढ झाले. हेदर डोनाह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड यांनी स्वतःच्याच नावांची पात्रे रंगवली आणि १६ मिलिमीटरचा कॅमेरा व व्हिडिओ कॅमेरा स्वतःच चालवला, म्हणून चित्रीकरणस्थळी नेहमीचा तंत्रज्ञांचा ताफा दिसतच नव्हता.

उपग्रहाच्या साह्याने स्थान दाखवणारे जीपीएस यंत्र घेऊन ते तिघे ठरलेल्या जागी पोहोचत. तेथे ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्यांना शिधा आणि फिल्मच्या रिकाम्या डब्यांत घातलेल्या चिठ्ठ्या मिळत, आणि प्रत्येकाने केवळ स्वतःची चिठ्ठी वाचायची असा दंडक असल्याने शेजारी चालणारा सोबती पुढच्या घटकेला काय करील याचा अंदाज कोणालाच नसे. दिवसागणिक शिधा कमी केला जाई. रात्री दिग्दर्शक व त्यांचे सहकारी तंबू गदागदा हलवीत, लहान मुलांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवीत. या योजनेमागे निर्माते ग्रेग हेल यांना आठवणारे सैनिकी प्रशिक्षण होते, ज्यात शत्रूच्या भूमिकेतील सैनिक प्रशिक्षणार्थींचा रानात पाठलाग करीत. तंबूबाहेरच्या आवाजांची चर्चा अधिक झाली असली, तरी या पद्धतीचे खरे मर्म चिठ्ठ्यांच्या गुप्ततेत आहे, कारण भुकेल्या आणि थकलेल्या माणसांत परस्परांविषयीचा संशय पेरण्याचे काम तिनेच केले. भूमिकेतून बाहेर यायचे असल्यास ‘टाको’ हा मेक्सिकन खाद्यपदार्थाचे नाव असलेला सांकेतिक शब्द उच्चारण्याची मुभा होती. ती आवश्यक वाटावी, यातच अभिनय आणि प्रत्यक्ष यातना यांतील सीमा किती पुसट झाली होती हे दिसते.

आठ दिवसांत जमलेल्या सुमारे २० तासांच्या चित्रणातून संकलनाअंती दीड तासाहूनही छोटा चित्रपट उरला. जानेवारी १९९९मध्ये तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याने जगभर सुमारे २४.८ कोटी डॉलर मिळवले. कलाकार खरोखरच बेपत्ता असल्याचा आभास प्रसिद्धीसाठी जपला गेला, आणि डोनाह्यू यांच्या आईला सांत्वनपत्रे येऊ लागली. म्हणजे जंगलातला एकांत चित्रीकरणाबरोबर संपला नाही, तर ज्या यशाचे हे तिघे मानकरी होते त्याच यशाच्या काळात त्यांना लोकांपासून दूर राहावे लागले. संवाद त्यांनी रचले, कॅमेरा त्यांनी धरला, भीतीही त्यांनीच सोसली, तरी श्रेयाचा मोठा भाग दिग्दर्शकांच्या कल्पकतेला दिला गेला, हे अन्यायाचेच म्हटले पाहिजे. एप्रिल २०२४मध्ये तिघांनी चित्रपटाचे हक्क असलेल्या लायन्सगेट कंपनीला जाहीर पत्र लिहून पूर्वलक्षी मानधनाची आणि त्यांची नावे किंवा चेहरे वापरल्या जाणाऱ्या पुढील प्रकल्पांत विचारविनिमयाच्या हक्काची मागणी केली.