भाऊ दाजींचा रस्ता आणि कान्हेरीचे रान

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पूर्वेकडील वस्तीत जे आखीव रस्ते आहेत, त्यांपैकी तिघांची नावे एका दमात वाचली, तर एखाद्या जुन्या विद्वत्सभेचा हजेरीपटच आपण वाचीत आहो असा भास व्हावा : भाऊ दाजी, तेलंग आणि भांडारकर. १८९६ च्या प्लेगाने हादरलेल्या सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि त्या ट्रस्टने दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा शहराबाहेरचा मुलूख आखून, सोडवून वसतियोग्य केला, ही हकीकत माटुंगेकरांना पाठ असते. परंतु कॉफीचा पेला हाती घेऊन भाऊ दाजी रस्त्यावर उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल, की ज्या गृहस्थाच्या नावाच्या पाटीखाली आपण उभे आहो त्याने आपल्या वैद्यकीच्या व्यापातून वेळ काढून आणि पदरचा पैसा मोडून रानातल्या दगडांवरची अक्षरे वाचली होती, आणि त्यासाठी सरकारदरबारातून त्याला दमडीचा तनखा नव्हता?

डॉ. भाऊ दाजी लाड यांचा पिंडच मुळी हौशीचा होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते बाहेर पडले, मुंबईत त्यांच्या हातगुणाची ख्याती झाली, पुढे ते मुंबईचे शेरीफही झाले. पण रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे जे निबंध आहेत ते अजिंठ्याच्या शिलालेखांवर, जुन्या राजवंशांवर, नाण्यांवर. स्वतःला रुग्णांपासून सुटका नसे म्हणून त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास हाताशी धरले आणि त्याला लेण्यालेण्यांतून, राजपुतान्यापासून नेपाळपर्यंत, शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी स्वखर्चाने पाठविले. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले. पुढे १८८२ मध्ये याच भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलून धातुमंजूषा उजेडात आणली. दुसऱ्या पाटीवरील तेलंगांचा चरितार्थ वकिलीवर आणि अखेरीस उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर चाले. तरी शिलाहारांच्या ताम्रपटावर लिहिण्यास त्यांना फुरसत सापडे. तिघांपैकी एकटे भांडारकरच काय ते संस्कृताचे पगारी प्राध्यापक. ज्याला आज आपण पुरातत्त्वखाते म्हणतो त्याचा कारभार नीटसा बसण्यापूर्वीच मुंबई इलाख्यात त्या विद्येचा पाया घातला गेला होता, आणि तो घालणाऱ्यांत पुष्कळसे लोक आपापल्या धंद्यातून चोरलेल्या वेळेचे धनी होते.

या मंडळींना शहराच्या अगदी उशाशी एक रान उपलब्ध होते. साष्टी बेटाच्या पोटातील डोंगरात, कान्हेरीला, राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत, काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास सुरू झालेला हा विहार जवळजवळ हजार वर्षे नांदता राहिला, आणि त्याला हातभार लावणाऱ्यांत राजे थोडे व व्यापारी, कारागीर, भिक्षू-भिक्षुणी अधिक होते. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील माणसांची नावे त्या भिंतींवर आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे एक टाके खोदविले, एवढी साधी गोष्ट सांगणारा एक लेख तेथे आहे. आणि कान्हेरीला पावसाळ्यानंतर जो जाईल त्याला दिसेल, की खडकात कोरलेल्या पन्हळींतून पाणी लेण्यालेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यांत उतरविण्याची ती योजना आजही अंशतः चालू आहे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. १००९ आणि १०२१ या साली तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यांत नोंदवून ठेवली आहेत.

या रानात हौशी माणसाचा हात दोन रीतींनी पडला, आणि त्या दोन्ही रीतींचा इतिहास एकमेकांसमोर मांडण्याजोगा आहे.

१८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहासमोरील एक स्तूप उघडला. आत राख, माणिक, मोती आणि सोन्याचे बारीक तुकडे असलेली तांब्याची भांडी निघाली, आणि त्यांबरोबर एक ताम्रपट निघाला. सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुचि नावाच्या पुरुषाने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्याच, महाविहारात हे चैत्य उभारले, असे त्यावर त्रैकूटकांच्या राज्याचे २४५ वे वर्ष घालून लिहिले होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राज्य करणाऱ्या या अल्पपरिचित वंशाच्या कालगणनेला ज्यांचा भक्कम आधार मिळतो अशा मोजक्या लेखांपैकी तो एक. आज तो ताम्रपट कोठेही नाही. अभ्यासकांना त्याच्या छापील प्रतिकृतीवर विसंबावे लागते. अक्षर पुसट आहे की खोदणाऱ्याने चुकविले आहे, याची रुजुवात मूळ पत्र्याशी करून पाहण्याची सोय उरलेली नाही. स्तूप तर उघडला तेव्हाच संपला. बर्ड हा काही लुटारू नव्हता. सोसायटीचा चिटणीस, विद्याव्यासंगी माणूस. पण उत्साहाला शिस्तीची जोड नसली म्हणजे विद्याव्यासंगी माणसाच्या हातूनही नुकसान तेच होते.

दुसरी रीत एडवर्ड विल्यम वेस्ट याची. हा रेल्वेचा इंजिनिअर. त्यानेही १८५३ मध्ये कान्हेरीस काही उकरून पाहिले आणि स्तूपाच्या आकृती उमटविलेल्या मातीच्या मुद्रा काढल्या, हे खरे. परंतु त्याचे खरे काम निराळे. लेण्यांना क्रमांक देऊन, एकेका लेखाची हुबेहूब नक्कल काढून, १८६१ च्या सुमारास त्याने ती सगळी नक्कल सोसायटीच्या नियतकालिकात छापून टाकली. ज्या लिपीचा अर्थ आपल्याला लागत नाही, तिचे वळण जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आणि अर्थ लावण्याचे काम पुढच्या माणसावर सोपवायचे, यात जो निरहंकार आहे तो विद्वानांतही दुर्मिळ असतो. हाच वेस्ट पुढे पहलवीचा जगन्मान्य पंडित झाला आणि नव्वदाव्या लेण्यातील त्या पारशी यात्रेकरूंची नावे त्यानेच वाचली. माझ्या मते कान्हेरीचा आद्य स्वयंसेवक म्हणून मान द्यायचा तर तो या इंजिनिअरास द्यावा.

रानाची आणि दगडाची मालकी कागदोपत्री वेगळी झाली ती १८७८ साली. त्या एका वर्षात दोन कायदे आले : एक भारतीय वन कायदा, ज्याने राखीव रानाच्या हद्दी ठरविल्या आणि त्या हद्दीतील वहिवाटीला दाखल्याची अट घातली, दुसरा निखात निधीचा कायदा, ज्यान्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ऐवजाची वर्दी कलेक्टरास देणे बंधनकारक झाले. पुढे १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा असे थरावर थर चढत गेले. परिणाम असा, की राष्ट्रीय उद्यानातील वृक्ष वनखात्याचा, त्या वृक्षाखालील लेणे पुरातत्त्वखात्याचे, आणि त्या वृक्षाची मुळे लेण्याच्या भेगेत शिरली असता मुळे कोणाची, हा प्रश्न पत्रव्यवहाराचा. कान्हेरीला जाणाऱ्या मुंबईकराला या द्वैताचा साक्षात्कार खिशातून होतो : उद्यानाच्या दारावर एक तिकीट, लेण्यांच्या दारावर दुसरे.

हौशी माणूस मात्र या थरांतूनही वाट काढीत राहिला. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याने कांदिवलीच्या परिसरातील खाणी व ओढ्यांचे काठ धुंडाळून अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे गोळा केली, कोणत्या थरात काय सापडले हे टिपून ठेवले, आणि १९३९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ते काठ आता इमारतींखाली गेले. मुंबईच्या अतिप्राचीन वस्तीविषयी आपण जे काही बोलू शकतो, त्यातला मोठा वाटा या सुटीच्या दिवशी पायपीट करणाऱ्या आरमारी माणसाच्या टिपणांचा आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. शनिवारी रात्री दादर स्थानकावर पाठीला पिशव्या लावलेली जी तरुण मंडळी दिसतात, ती सगळीच काही केवळ धबधब्यात भिजायला निघालेली नसतात. लालबाग-परळच्या चाळींतली, माटुंग्याच्या महाविद्यालयांतली, नोकरीत नुकतीच लागलेली कितीतरी मुले सह्याद्रीतील गडांवर श्रमदानाला जातात. दुर्गवीर, सह्याद्री प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांनी ही चळवळ रुजविली. गाडल्या गेलेल्या तोफा वर काढून त्यांना लाकडी गाडे दिले, दरवाजांना नव्याने कवाडे बसविली, बुजलेल्या वाटा मोकळ्या केल्या. हे गड बहुतांशी राखीव रानात आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकालीन दुर्गांपैकी बारा दुर्ग जागतिक वारशात घेतले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची छाती फुगली. पण उरलेल्या शेकडो गडांच्या तटावरचा पिंपळ कोण काढतो, तर बहुधा हीच मुले.

त्यांचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे टाके साफ करणे. आधी साचलेले पाणी बादल्यांनी उपसायचे. मग गुडघाभर काळ्या गाळात दोघांनी उतरायचे, घमेली भरायची, आणि पायऱ्यांवर ओळीने उभ्या असलेल्या मंडळींनी ती हातोहात वर काढून तटापलीकडे रिती करायची. दुपारपर्यंत खडकातील टाकीच्या घावांच्या तिरप्या रेघा दिसू लागतात, आणि तळाला पाझर दिसला की एकच जल्लोष होतो. उन्हाळ्यात गुराख्याला व रानातल्या जनावराला त्या पाण्याचा आधार होतो, म्हणून या कामाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु तटापलीकडे जे रिते झाले त्यात काय होते? मडक्यांची खापरे, खिळे, कौलांचे तुकडे, क्वचित एखादे नाणे. आणि कोणती वस्तू कोणत्या खोलीवर होती हा त्यांचा क्रम, जो एकदा घमेल्यात कालवला गेला की ब्रह्मदेवालाही परत लावता यायचा नाही. बर्डच्या स्तूपाचे जे झाले तेच येथे, केवळ अधिक सात्त्विक हेतूने. त्यातच कोणी चुन्याच्या दर्जा सिमेंटने भरतो, कोणी शिल्प उजळावे म्हणून तारेच्या ब्रशाने घासतो. दोष मुलांचा थोडा. त्यांच्याबरोबर जाणता माणूस देण्याची तजवीज ज्यांनी करावी त्यांचा अधिक.

अशी तजवीज झाली म्हणजे काय घडते, याचा दाखला साष्टीतच आहे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातील पुरातत्त्वाच्या मंडळींनी २०१५ नंतर साष्टी बेटाचे गावोगाव फिरून सर्वेक्षण हाती घेतले, आणि त्यात चालणारे पाय प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे व हौशी मुंबईकरांचे होते. काम दिसायला अगदी नीरस. गावदेवीच्या देवळामागे शेंदराने माखलेला दगड असतो; तो वीरगळ आहे की शापाचे चित्र कोरलेला शिलाहारकालीन गधेगळ, हे पाहायचे, माप घ्यायचे, छायाचित्र काढायचे, गावकऱ्यांना त्या दगडाबद्दल काय ठाऊक आहे ते लिहून घ्यायचे, आणि दगड जागेवरच ठेवून पुढच्या पाड्यावर जायचे. पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील अभ्यासकांनी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पूर्वी नोंद नसलेली सात लेणी दाखल केली, तीही अशाच पायपिटीतून. ‘शोध लागला’ असे वृत्तपत्रे म्हणतात खरे. पण उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली व महादेव कोळी लोकांना रानातील कपारी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात, दफ्तराला तेवढ्या नव्या असतात. ज्याने वाट दाखविली त्याचे नाव अहवालात यावे, असे मला फार वाटते.

अशी तजवीज खुद्द वनखात्यालाही करता येते. अमेरिकेत तेथील वनखात्याने गेल्या शतकाच्या अखेरीस ‘पासपोर्ट इन टाइम’ या नावाची योजना काढली. सरकारी रानातील उत्खनन, जुन्या लाकडी घरांची डागडुजी, खडकचित्रांची नोंद या कामांना खातेच सामान्य नागरिकांस आमंत्रण देते, खात्याचा पुरातत्त्वज्ञ बरोबर असतो, आणि केलेल्या कामाची नोंद नागरिकाच्या पुस्तिकेत होते. आपल्याकडे स्मारक दत्तक घेण्याची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना आहे. पण ती पैसा घालू शकणाऱ्या संस्थांकरिता. ज्याच्यापाशी केवळ रविवार आहे, त्याला कोठे अर्ज करावा हे अद्याप धड ठरलेले नाही.

म्हणून दोन्ही खात्यांकडे एवढेच मागणे आहे : प्रत्येक वनपरिक्षेत्राच्या कचेरीत पुरातत्त्वखात्याच्या संमतीने एक नोंदवही ठेवावी, तीत स्वयंसेवकाने पाहिलेल्या लेण्याची, टाक्याची, शिळेची नोंद घेऊन त्याला पोच द्यावी, आणि टाक्यात घमेले उतरण्यापूर्वी एक जाणता माणूस तेथे उभा राहील असा शिरस्ता घालावा. आणि पुढच्या शनिवारी गाडी पकडणाऱ्या माझ्या माटुंगेकर तरुण मित्रांना विनंती, की फावड्याबरोबर वही, पेन्सिल आणि मापाची फीत न्या. खापर सापडले तर किती खोलीवर सापडले ते आधी लिहा, आणि कायद्याने परवानगी नसेल तेथे फावडे पिशवीतच राहू द्या.