शर्यतीचें मैदान

बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें, असें लोक सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, त्या वाटेनें त्वरेनें जाणाऱ्यास घोड्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८५६ सालीं कल्याणहून पळसधरीपर्यंत आगगाडी गेली आणि घोड्याचें तें काम सरूं लागलें. मुंबईंत मात्र त्याचा वेग हा तोंवर करमणुकीचा विषय झाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून भायखळ्यास शर्यती होत. समुद्रमार्गें आलेल्या अरबी घोड्यांचें तेथें प्राबल्य होतें. पुढें भायखळ्याची वस्ती दाटत गेली. १८८३ सालीं महालक्ष्मीच्या सखल, दलदलीच्या जागेंत नवें मैदान सिद्ध झालें. त्याचा आराखडा मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानावरून घेतला होता. कालांतरानें थरोब्रेड जातीनें अरबांस मागें टाकलें. १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी बडोदें नरेशांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली.

शर्यत हा जुगार कीं कौशल्य, हा वाद जुनाच. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कौशल्याच्या बाजूनें कौल दिला. खरा पेंच जमिनीचा होता. २०१३ सालीं भाडेपट्टा संपला, आणि २०२४ सालीं २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं महापालिकेकडे गेले. उरलेले ९१ शर्यतीस राहिले.

बदलापुरास घोडा गेला, नांव उरलें. महालक्ष्मीस घोडा उरला. पण दाट वस्तीच्या शहरांत मोकळी जमीन कोणाची, या प्रश्नानें त्यालाहि गांठलें.