चार जीबीची भिंत कोणी बांधली?

१/ अंबरनाथ पूर्वेचे वालधुनीकाठचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चे; ही तिथी तेथील शिलालेखावरून कळते. त्याच मंदिराच्या शिल्पांचे पाच जीबीचे चित्रीकरण १६ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर घेऊ गेल्यास मात्र अनेकदा नकार येतो. जागा आहे, तरी फाइल मावत नाही. या नकारालाही इतिहास आहे. 🧵

२/ १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी फ्लॉपीसाठी ‘फॅट’ ही पद्धत रचली. फाइलचे तुकडे डिस्कवर कोठे आहेत, याची ती खातेवही. डिस्क वाढल्या तशा तिच्या आवृत्त्या निघाल्या. १९९६ मध्ये फॅट३२ आली.

३/ परंतु प्रत्येक फाइलचा आकार लिहिण्याचा रकाना जुनाच राहिला: ३२ बिट. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी.

४/ विंडोजची ३२ जीबीची अट मात्र निराळी. फॅट३२ साधारणतः दोन टीबीपर्यंतचा विभाग पेलते. ३२ जीबीहून मोठा विभाग फॉरमॅट करण्यास विंडोजचेच साधन नकार देत असे. या दोन मर्यादांची नेहमी गल्लत होते.

५/ मग फॅट३२ टिकली का? १९९३ ची एनटीएफएस मोठ्या फाइली पेलते, पण मॅक ती केवळ वाचतो, तिच्यावर स्वतःहून लिहीत नाही. मॅकची पद्धत विंडोजला कळत नाही. सर्वांना समजणारी बोली एकच होती. म्हणूनच अनेक कॅमेरे चित्रीकरणाचे चार-चार जीबीचे तुकडे पाडत.

६/ तोडगा २००६ मध्ये निघाला: एक्सफॅट. पण ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, परवान्याने बांधलेली. ॲपलने २०१० मध्ये ती स्वीकारली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला, तेव्हा कोठे ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तांत्रिक अडचण २००६ मध्येच सुटली होती. पुढची तेरा वर्षे हक्काच्या प्रश्नात गेली.

७/ आज सामायिक ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे सोयीचे. मात्र फॉरमॅटने आतले सारे पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढावी. जुन्या चित्रीकरणाचे तुकडे असतील तर त्यांचा क्रम नोंदवून ठेवावा. मंदिराचा लेख दगडावर आहे, त्याला वाचणारा पुरतो. आपल्या नोंदींना वाचणारे यंत्रही लागते.